श्निट्झलरचे कागद केंब्रिजला कसे पोचले, आणि 'प्रोफेसर बर्नहार्डी'साठी तिथे जायला हवं का?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही मिरजेत प्रॅक्टिस करता, हौशी नाटक ग्रुप आहे, व्हिएन्नाचा डॉक्टर-नाटककार आर्थर श्निट्झलर याचं 'प्रोफेसर बर्नहार्डी' हे नाटक मराठीत आणायचंय, जर्मन बी वनपर्यंत (म्हणजे मधल्या पातळीपर्यंत) झालंय आणि कोणीतरी सांगितलं की त्याची हस्तलिखितं केंब्रिजमध्ये आहेत. मग व्हिएन्नाच्या माणसाचे कागद इंग्लंडात कसे, ते बघायला जावं लागेल का, आणि त्या कागदांत 'डॉक्टर श्निट्झलर' कुठे सापडतो का. मी हस्तलिखितांचंच काम करतो, सुरुवात पुण्यात मोडी वाचण्यापासून झाली, नंतर जर्मन कागदांकडे वळलो आणि त्यात श्निट्झलर बराच वाचला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. आत्ता जायची गरज नाही. तुम्हाला लागणारं बरंच काही घरबसल्या मिळतं. पण त्या कागदांत काय आहे आणि कुठल्या क्रमाने आहे हे कळल्याशिवाय भाषांतराला हात घालू नका, कारण श्निट्झलरचं एखादं नाटक म्हणजे छापील पुस्तकात दिसतं तेवढंच नसतं, त्याच्यामागे वर्षानुवर्षं साठलेली चिठ्ठ्या-चिटोऱ्यांची आणि खर्ड्यांची फाइल असते आणि ती सगळी एकत्र वाचली की नाटकातली माणसं वेगळी दिसायला लागतात.

आता कागद तिथे कसे गेले ते. श्निट्झलर २१ ऑक्टोबर १९३१ ला व्हिएन्नात वारला, श्टर्नवार्टेश्ट्रासेवरच्या स्वतःच्या घरात. कागद त्याच घरात राहिले. १९३३ मध्ये जर्मनीत नाझींनी पुस्तकं जाळली त्यात त्याचीही होती, तो ज्यू होता आणि वर 'राइगन' हे लैंगिक संबंधांवरचं वादग्रस्त नाटक लिहिलेला माणूस, म्हणजे त्यांच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी गुन्हेगार. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि व्हिएन्नातल्या ज्यू घरांवर धाडी, लूट, जप्ती सुरू झाली. तेव्हा या घरातल्या खोलीत हजारो पानं होती आणि ती कधीही उचलून नेली जाऊ शकत होती. मुलगा हाइनरिश, जो स्वतः नाट्यदिग्दर्शक होता, तो त्या वेळी देशाबाहेर होता. व्हिएन्नात होती ओल्गा, श्निट्झलरची बायको, पण १९२१ मध्येच त्यांचा घटस्फोट झालेला.

इथे येतो एरिक ब्लॅकॉल. केंब्रिजचा विद्यार्थी, वय जेमतेम तेवीस-चोवीस, जर्मन साहित्याच्या अभ्यासासाठी व्हिएन्नात आलेला आणि ओल्गाशी ओळख झालेली. त्याने केंब्रिज युनिव्हर्सिटी लायब्ररीशी संपर्क साधला, की हे कागद तुम्ही घ्याल का. लायब्ररी तयार झाली आणि मग ब्रिटिश वकिलातीकडून त्या कागदांना सील लागलं, म्हणजे हे आता ब्रिटिश संस्थेच्या मालकीचं आहे, हात लावू नका. त्यानंतर १९३८ च्या वसंतातच सगळं केंब्रिजला रवाना झालं. जवळपास चाळीस हजार पानं! ज्या शहरात त्या दिवसांत माणसांनाच बाहेर पडायचा रस्ता मिळत नव्हता तिथून एका विद्यार्थ्याच्या धडपडीमुळे एका लेखकाचं आख्खं टेबल सुखरूप बाहेर पडलं. हा मुलगा पुढे अमेरिकेत कॉर्नेलला जर्मनचा मोठा प्रोफेसर झाला. मला त्याच्या पुढच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा ते काही आठवडे मोठे वाटतात.

पण ही गोष्ट एवढीच सांगून थांबणं बरोबर नाही आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. कायदेशीर वारस हाइनरिश होता, घटस्फोटित ओल्गा नाही. म्हणजे कागद दिले कोणी आणि देण्याचा अधिकार कोणाला होता हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता, आणि मालकीचं ते भिजत घोंगडं कित्येक दशकं तसंच राहिलं, शेवटी २०१५ मध्ये लायब्ररी आणि श्निट्झलरचे नातू यांच्यात करार झाला आणि कागद केंब्रिजलाच राहणार हे ठरलं. वाचवणं खरं होतं आणि वारसाच्या हातून बापाचे कागद गेले हेही खरं होतं. वसाहतीच्या काळात आपल्याकडच्या किती पोथ्या, किती दप्तरं कुठे कुठे गेलीत हे माहीत असलेल्या माणसाला यातली दुसरी बाजू सांगायची गरज नसावी.

आता महत्त्वाची गोष्ट, सगळं केंब्रिजला नाहीये. केंब्रिजला मुख्यतः साहित्यकृतींचे खर्डे, टिपणं, टाइप केलेल्या प्रती आणि बरीच पत्रं. त्याच्या डायऱ्या मात्र जर्मनीत मारबाखच्या साहित्य आर्काइव्हमध्ये आहेत, खासगी पत्रव्यवहाराचा मोठा भागही तिथेच. फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीत केंब्रिजच्या कागदांच्या कॉप्यांचा संग्रह आहे आणि तिथल्याच दोघा अभ्यासकांनी, नॉयमान आणि म्युलर यांनी, १९६९ मध्ये या सगळ्या कागदांची सूची पुस्तकरूपाने छापली, ती आजही उघडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आणि इंग्लंडातच एक्सेटर युनिव्हर्सिटीत वर्तमानपत्रांची कात्रणं, एकवीस हजारांच्या आसपास. श्निट्झलरने कात्रणं गोळा करणाऱ्या एजन्सीला पैसे देऊन आयुष्यभर स्वतःवर छापून आलेलं सगळं जमवलं होतं, स्तुती, शिव्या, ज्यूद्वेषाने भरलेले अग्रलेख, सगळं. तुमच्या नाटकाला लोक तेव्हा काय म्हणाले हे हवं असेल तर ते हस्तलिखितांत नाही, या कात्रणांत आहे.

डॉक्टर श्निट्झलर कुठे सापडतो, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग, कारण तो सगळीकडे सापडतो पण लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. लोकांना वाटतं त्याने डॉक्टरकी सोडली आणि मग लेखक झाला. तसं नाहीये. बाप योहान श्निट्झलर, व्हिएन्नातला नावाजलेला घशाचा डॉक्टर, १८७२ मध्ये सुरू झालेल्या पॉलिक्लिनिकच्या संस्थापकांपैकी एक आणि नंतर तिथला डायरेक्टर. भाऊ युलियस सर्जन. बहिणीचा नवरा मार्कुस हायेक, तोही घशाचाच डॉक्टर, ज्याने १९२३ मध्ये फ्रॉइडच्या तोंडातली गाठ काढली आणि ज्याच्या क्लिनिकमध्ये १९२४ मध्ये काफ्का काही दिवस होता. म्हणजे जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नसणार. आर्थर १८८५ मध्ये डॉक्टर झाला, जनरल हॉस्पिटलमध्ये काम केलं, मेनर्टच्या मानसोपचार विभागातही होता, मग बापाच्या हाताखाली पॉलिक्लिनिकमध्ये असिस्टंट. बापाने काढलेल्या मेडिकल साप्ताहिकाचं संपादन केलं, त्यात परीक्षणं लिहिली, फ्रॉइडने जर्मनमध्ये आणलेल्या फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्कोच्या व्याख्यानांचंही परीक्षण केलं. १८८९ मध्ये त्याचा एक पेपर आला, आवाज गेलेले पेशंट, तपासलं तर स्वरयंत्रात काहीच बिघाड नाही, आणि संमोहन करून, सूचना देऊन त्यांचा आवाज परत आणणं. हे तुम्ही डॉक्टर म्हणून वाचा आणि मग 'अनाटोल'मधला पहिला प्रवेश वाचा, त्याच सुमाराला लिहिलेला. अनाटोल प्रेयसीला संमोहित करतो, आता तिला विचारायचं की तू माझ्याशी एकनिष्ठ आहेस का, ती खोटं बोलूच शकणार नाही, आणि ऐन वेळी त्याचं धाडस होत नाही, तो प्रश्न विचारतच नाही. क्लिनिकमध्ये जे तंत्र उपचार होतं तेच स्टेजवर आल्यावर डॉक्टरच्या, म्हणजे विचारणाऱ्याच्या भीतीची तपासणी होते. त्याचं मेडिकल लेखन १९८८ मध्ये स्वतंत्र पुस्तकात एकत्र छापलंय, ते मिळवा, तुमच्यासारख्याला ते अभ्यासकांपेक्षा जास्त कळेल.

बाप १८९३ मध्ये गेला, याने पॉलिक्लिनिक सोडलं आणि थोडी खासगी प्रॅक्टिस ठेवली. १८९५ मध्ये त्याचं 'लीबेलाय' हे नाटक व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झालं आणि मग तो नाटककारच झाला. पण कागदांमध्ये डॉक्टर जात नाही. तारखा बघा. एवढासा कागद असला तरी त्यावर बहुतेकदा तारीख असते. आधी एखादी दोन ओळींची कल्पना, मग काही वर्षांनी त्याच कल्पनेचा अर्ध्या पानाचा आराखडा, मग प्रवेशवार आखणी, मग पहिला खर्डा, मग टाइप केलेली प्रत आणि त्यावर हाताने काटाकाटी, आणि हे सगळं एकाच फोल्डरमध्ये. पेशंट पहिल्यांदा आला त्या दिवसापासूनचा केसपेपर वाटावा असं ते दिसतं. 'ट्राउमनोव्हेले' ही लघुकादंबरी घ्या, जिच्यावरून क्युब्रिकने १९९९ चा 'आइज वाइड शट' हा सिनेमा केला. पुस्तक १९२६ चं, पण कल्पनेची नोंद १९०७ ची. एकोणीस वर्षं ती गोष्ट त्याच्याकडे येऊन जाऊन होती, मधल्या काळात त्याचं लग्न मोडलं, महायुद्ध झालं, साम्राज्य गेलं, आणि ती टिपणं क्रमाने वाचताना नवरा-बायकोतलं अंतर कसं बदलत गेलंय हे दिसतं, फक्त पुस्तक वाचून ते दिसत नाही.

स्वप्नांचंही तेच. तो आयुष्यभर स्वतःची स्वप्नं डायरीत लिहायचा, नंतर त्याने ती वेगळी काढून डिक्टेट केली, २०१२ मध्ये पुस्तक आलं. आणि कान. घशा-कानाच्या डॉक्टरचा मुलगा, स्वतः त्याच शाखेत शिकलेला, आणि त्याला तरुणपणीच कानात सतत आवाज येण्याचा त्रास सुरू झाला, ऐकू कमी यायला लागलं. हा माणूस पियानो वाजवायचा, माहलरच्या संगीतावर जीव टाकायचा. डायरीत कानाच्या नोंदी वाचताना कळतं की तो स्वतःच्या लक्षणांकडे डॉक्टरसारखं बघायचा प्रयत्न करतोय आणि ते त्याला जमत नाहीये. आणि एक नोंद तुम्हाला नक्की थांबवेल. मरणानंतर काय करावं याबद्दल त्याने लिहून ठेवलं त्यात पहिली सूचना आहे की हृदयात सुई टोचून खात्री करा. जिवंत पुरलं जाण्याची तेव्हाची ती नेहमीची भीती, पण ती लिहिणारा माणूस मृत्यू जवळून बघितलेला डॉक्टर होता. पुढे म्हणतो हार नकोत, बातमी नको, सगळ्यात साधी अंत्ययात्रा करा आणि वाचलेले पैसे हॉस्पिटलांना द्या.

फ्रॉइडचं सगळे विचारतात म्हणून. हो, १४ मे १९२२ ला श्निट्झलरच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त फ्रॉइडने लिहिलं की मी तुम्हाला इतकी वर्षं टाळलं कारण स्वतःचाच जुळा समोर येईल अशी भीती वाटत होती. पत्र सुंदर आहे पण त्याच्यावर फार इमले बांधू नका. श्निट्झलरला मनोविश्लेषणाबद्दल बऱ्याच शंका होत्या, आणि तो फ्रॉइडचा शिष्य होता असं कोणी म्हटलं तर त्याला डायरी वाचायला सांगा.

आता तुमचं नाटक. 'बर्नहार्डी'ची मुळं पॉलिक्लिनिकच्या दिवसांत आहेत यात शंका नाही, आणि नाटक स्टेजवर यायच्या बऱ्याच वर्षं आधीपासून तो 'डॉक्टरांचं नाटक' लिहायच्या खटपटीत होता. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, एलिझाबेथिनुम नावाच्या हॉस्पिटलचा ज्यू डायरेक्टर बर्नहार्डी. गर्भपातानंतर सेप्सिस झालेली एक मुलगी मरायला टेकलीय पण शेवटच्या युफोरियात तिला वाटतंय आपण बरं होतोय, कोणीतरी आपल्याला न्यायला येणार आहे. पाद्री अंतिम संस्कारासाठी येतो आणि बर्नहार्डी त्याला आत जाऊ देत नाही, कारण पाद्री दिसला की तिला कळेल आपण मरतोय. पण नर्स आत जाऊन सांगते आणि मुलगी घाबरून मरते. एवढ्यावरून धर्माचा अपमान, देणगीदार, कमिटी, संसदेत प्रश्न, खटला आणि दोन महिने कैद. मधे एक सौदा पुढे येतो की रिकाम्या जागेवर ज्यू उमेदवाराऐवजी आमचा माणूस घ्या, मग प्रकरण मिटेल. नाटक नोव्हेंबर १९१२ मध्ये बर्लिनला झालं कारण व्हिएन्नात सेन्सॉरने बंदी घातली, आणि साम्राज्य कोसळल्यावर १९१८ च्या डिसेंबरमध्येच ते व्हिएन्नात होऊ शकलं. ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला मी ही गोष्ट सांगितली की तो पुढचं स्वतःच सांगायला लागतो. तुम्ही ते निवडलं याचा खरंच आनंद झाला.

काम कसं करायचं? सगळ्यात आधी डायरी. १८७९ पासून मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत, ऑस्ट्रियन सायन्स अकादमीने १९८१ ते २००० मध्ये दहा खंडांत छापली आणि आता ती सगळी ऑनलाइन फुकट आहे, व्यक्ती, जागा, कृती यांच्या सूचीसकट. 'बर्नहार्डी'वरच्या सगळ्या नोंदी एकामागोमाग वाचा. नोंदी त्रोटक असतात, सकाळी डिक्टेट केलं, संध्याकाळी कोणाला वाचून दाखवलं, बी वनला डिक्शनरी घेऊन जमेल. मग नाटकाचे खर्डे. केंब्रिज, लंडन, ब्रिस्टल, वुपरटाल इथल्या युनिव्हर्सिट्यांमधले अभ्यासक मिळून १९०५ ते १९३१ च्या कृतींची डिजिटल आवृत्ती करतायत, त्यात हस्तलिखिताचा फोटो आणि शेजारी वाचलेला मजकूर असतो, आणि तुमचं नाटक याच काळातलं आहे. त्याआधीच्या कृतींचं असंच काम व्हिएन्नात कॉन्स्टान्झं फ्लीडल यांच्या देखरेखीखाली झालंय, पहिला खंड २०११ चा, 'लॉयटनंट गुस्टल'. हे सगळं बघून झाल्यावरही एखाद्या पानाबद्दल अडलं तर लायब्ररीला फोल्डर नंबर देऊन लिहा, ते उत्तर देतात. फोल्डर नंबर न देता 'बर्नहार्डीबद्दल काय आहे' असं विचारू नका, सूची त्यासाठीच आहे.

खर्डे वाचताना एकच शिस्त पाळा. सुटं पान उचलून त्यावरून निष्कर्ष काढू नका. एखादं भारी वाक्य पहिल्या खर्ड्यात दिसलं आणि छापील नाटकात नाही, म्हणून 'सेन्सॉरमुळे काढलं' असं लगेच लिहिणारे लोक मी बघितलेत. मधल्या प्रती बघितल्या तर बहुतेकदा दिसतं की त्याने ते कितीतरी आधी, सेन्सॉरचा विषयही नसताना काढलंय, कारण ते त्या पात्राच्या तोंडी शोभत नव्हतं. तुमच्यासाठी तर हे सोनं आहे, कारण नाटकात इतके डॉक्टर आहेत आणि प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी, आणि ती ढब तो प्रत्येक प्रतीत कशी घासत गेला हे बघितलं की मराठीत कोणाला कुठल्या वळणाचं बोलायला लावायचं हे आपोआप ठरत जातं.

अक्षराबद्दल आत्ताच सांगतो म्हणजे धक्का बसणार नाही. श्निट्झलरचं अक्षर भयंकर आहे. जुन्या जर्मन कुरंट वळणाचं, घाईचं, पेन्सिलचं, शब्दांची शेपटं गायब. मोडी शिकलेल्याला यात एक फायदा असतो, त्याला सुटं अक्षर शोधायची सवय नसते, तो शब्दाचा आख्खा झोका बघून वाचतो आणि पुढच्या-मागच्या शब्दावरून ताडतो. तरीही एकेक ओळ कधीकधी तासभर खाते. नशीब म्हणजे १९०९ पासून फ्रीडा पोलाक ही त्याची सेक्रेटरी होती, तो डिक्टेट करायचा आणि ती टाइप करायची, त्यामुळे 'बर्नहार्डी'च्या सुमाराचे कागद बऱ्यापैकी टाइप केलेले आहेत. या बाईंचं नाव फार कमी ठिकाणी घेतलं जातं, पण आज आपण जो श्निट्झलर सहज वाचतो त्यातला केवढा तरी तिच्या बोटांमधून आलाय.

'नवीन सापडलं' म्हणून बातमी आली की जरा थांबत जा. २०१४ मध्ये 'श्पेटर रूम' नावाची त्याची तरुणपणातली मोठी कथा पहिल्यांदा पुस्तक म्हणून आली, एका म्हाताऱ्या विसरलेल्या कवीची गोष्ट, छान आहे, वाचाच. पण ती हरवलेलं हस्तलिखित सापडल्यासारखी विकली गेली आणि अभ्यासक वैतागले, कारण ती केंब्रिजच्या कागदांत होती आणि लोकांना ठाऊकही होती, फक्त कोणी पुस्तक काढलं नव्हतं.

शेवटी हक्कांचं, कारण प्रयोग करणार आहात. श्निट्झलरच्या हयातीत छापलेल्या कृतींचा कॉपीराइट युरोपात २००१ च्या अखेरीला संपला, आपल्याकडेही संपलेला आहे. म्हणजे एस. फिशर या प्रकाशकाच्या १९१२ च्या आवृत्तीवरून 'बर्नहार्डी' तुम्ही मोकळेपणाने मराठीत करू शकता. पण डायरी, आत्मचरित्र, 'श्पेटर रूम' यांसारख्या मरणानंतर पहिल्यांदा छापलेल्या गोष्टींचा हिशेब वेगळा चालतो, आणि डिजिटल आवृत्तीत दुसऱ्या कोणी कष्टाने वाचून काढलेला मजकूर आणि टिपा त्यांच्या असतात, त्यावर त्यांच्या अटी लिहिलेल्या असतात. तेव्हा नाटक छापील आवृत्तीवरून करा, खर्ड्यातलं एखादं वाक्य प्रयोगात किंवा पुस्तिकेत घ्यायचं झालं तर आधी लिहून विचारा. इंग्रजी भाषांतरावरून करू नका एवढं मात्र आग्रहाने सांगतो, त्यात व्हिएन्नाच्या बोलीचे सगळे थर सपाट होतात आणि उपसंचालक एबेनवाल्ड आणि बर्नहार्डी एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलायला लागतात. पहिला अंक झाला की त्यातला पाद्री दारात येतो तो प्रसंग इथेच टाका, मूळ जर्मनशी ताडून बघू.